आठचा आकडा, सात रस्ता

सोलापुरात पक्क्या लायसन्सची तयारी म्हणजे काय, असं विचारलं तर उत्तर बहुधा एकच येतं : आठ काढता आला पाहिजे. मोकळ्या जागेत फक्कीनं नाहीतर नुसते दगड मांडून आखलेला आठचा आकडा, त्यावरून पाय न टेकता फिरवायची दुचाकी. चारचाकी असेल तर थोडं पुढे, थोडं रिव्हर्स आणि हाफ क्लचवर गाडी बंद न पडू देणं. शिकणारा महिनाभर हेच घोटतो, शिकवणाराही हेच घोटून घेतो. मोटार वाहन निरीक्षकाच्या नजरेखालची ती चार-दोन मिनिटं निभावली, की उमेदवार सात रस्त्याच्या नाहीतर आसरा चौकाच्या गर्दीत गाडी घालायला कायद्यानं मोकळा. गंमत अशी की ही चाचणी कशी घ्यायची ते ज्यात सांगितलं आहे, त्या केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १५ च्या यादीत आठच्या आकड्याचं नावही नाही. त्या यादीत आहे ते असं : आरसा नीट करून घेणं, एकेक गिअर टाकत वरच्या गिअरपर्यंत जाणं, रहदारी पाहून पटकन खालच्या गिअरवर येणं, चढावर थांबून गाडी मागे न घसरू देता पुन्हा काढणं, ओव्हरटेक करणं आणि करू देणं, वेळेवर आणि स्पष्ट इशारा देणं, इतरांच्या हालचालींचं भान ठेवणं. कागदावरची परीक्षा रस्त्याची आहे. घेतली जाते ती मैदानाची. याचं कारण विचारलं की लोक एजंटाकडे आणि चिरीमिरीकडे बोट दाखवतात. ते खोटं नाही, पण पुरेसं नाही. हा फरक लाचेपेक्षा जुना आहे. गाडी शिकण्याची जागाच आपल्याकडे गेल्या शंभर वर्षांत बदलली, आणि परीक्षेनं त्या बदलाची दखल घेतली नाही, असं इतिहास चाळताना दिसतं.

सुरुवातीला सरकारला माणसाच्या कौशल्यापेक्षा वाहनाची काळजी अधिक होती. १८६१ चा स्टेज कॅरेजेस कायदा घोड्यांच्या भाडोत्री गाड्यांना परवाना लावतो. हाकणाऱ्याला हाकता येतं का, हे तो तपासत नाही. मोटार आल्यावर मुंबई इलाख्यानं १९०४ साली तिच्यासाठी स्वतःचा कायदा केला आणि १९१४ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच मोटार वाहन कायदा आला. लायसन्सशिवाय गाडी चालवायची नाही, हे त्यानं ठरवलं आणि बारीकसारीक नियम करायचं काम प्रांतांवर सोपवलं. परीक्षेच्या बाबतीत राज्यकर्त्यांचा स्वतःचा देशही तेव्हा फार पुढे नव्हता. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ सालीच चालकाची परीक्षा सुरू केली होती, पण इंग्लंडात १९०३ च्या कायद्यानं पाच शिलिंग भरणाऱ्याला लायसन्स मिळे, आणि सक्तीची चाचणी यायला १९३५ चा जून उजाडावा लागला. सोलापूरच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. हा जिल्हा ब्रिटिश मुलखाच्या कडेला होता. शहरातून तुळजापूर-नळदुर्गकडे निघालेली मोटार निजामाच्या राज्यात शिरायची, आग्नेयेला निघालेली अक्कलकोट संस्थानात. ब्रिटिश कायद्याचा अंमल त्या हद्दीपर्यंतच. कापसाच्या नि गिरणीच्या मालासाठी रेल्वे १८६० पासून होती, जुनी मिल १८७७ पासून चालू होती. स्टेशनापर्यंतचं आणि स्टेशनापासूनचं काम बैलगाडी करत होती. मोटार आली ती या सगळ्याच्या मागून, हळूहळू, आणि तिच्याबरोबर चालवणाऱ्यांची एक छोटी, वेगळीच जमात आली.

ही जमात शिकली कुठे? शाळेत नाही, हे नक्की. खाजगी सर्व्हिस मोटारीवर पोऱ्या म्हणून चढायचं, पाणी भरायचं, हँडल मारून इंजिन चालू करायचं, टपावर सामान बांधायचं, पंक्चर काढायचं आणि वर्षानुवर्षं चालवणाऱ्याच्या शेजारी बसून रस्ता बघायचा, अशी ती तालीम होती. हद्दीपलीकडे निजामाच्या रेल्वे आणि रोड ट्रान्स्पोर्ट खात्यानं १९३२ साली २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. देशातल्या पहिल्या अशा सेवांत तिची गणना होते. मग दुसरं महायुद्ध आलं आणि ज्यांनी कधी बैलगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं अशा हजारो जवानांना लष्करानं ट्रक शिकवले. युद्ध संपल्यावर त्यांतले कितीतरी जण बस-ट्रकच्या स्टिअरिंगमागे आले. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादवर निघालेली मुख्य फौज सोलापूरच्या बाजूनंच नळदुर्गकडे गेली. त्या दिवसांत या शहरानं एकाच वेळी जेवढी लष्करी वाहनं पाहिली, तेवढी आधी क्वचितच पाहिली असतील. त्याच वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली होती, आणि पुढच्या काळात खाजगी सर्व्हिस मोटारी मागे पडत जाऊन चालवणाऱ्यांचा मोठा मालक एसटी झाली.

नेमक्या याच काळातला कायदा म्हणजे १९३९ चा. आज आपण ज्याला लायसन्सची चाचणी म्हणतो, तिचा सांगाडा त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे, आणि तो चार वर्षं आधीच्या इंग्लंडातल्या चाचणीशी खूपच जुळतो. इंजिन चालू करणं, सरळ किंवा तिरकं निघणं, डाव्या-उजव्या वळणावर नीट वळणं, अचानक आणि सावकाश थांबणं, अरुंद जागेत गाडी मागे घेणं, पुढे-मागे करून तोंड उलट दिशेला फिरवणं, हातानं स्पष्ट इशारे देणं. उमेदवाराची नजर तपासायची रीतही साधी : चांगल्या उजेडात ठरावीक अंतरावरून गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. ते अंतर इंग्लंडात २५ यार्ड होतं. आपल्याकडे आज लायसन्सच्या अर्जाबरोबरच्या नमुना १ मधल्या स्वयंघोषणेत ते २५ मीटर आहे. यादी पाहिली की लक्षात येतं, तिचा भर गाडीवरच्या हुकमतीवर आहे. धोका आधी ओळखणं, वेग कुठे आवरायचा, समोरचा काय करील याचा अंदाज बांधणं, ही गोष्ट ती ओझरती विचारते. १९३९ साली ते चालण्यासारखं होतं. १९५१ सालीसुद्धा सबंध देशात नोंदलेली वाहनं सुमारे ३ लाख होती आणि ती चालवणारा बहुतेक माणूस पोटासाठी चालवणारा होता. रस्त्याचं शहाणपण त्याला परीक्षेच्या आधीच मिळालेलं असे. परीक्षेनं फक्त हात बघायचे होते.

ते शहाणपण कसं मिळायचं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण सोलापूरसारख्या माल वाहणाऱ्या जिल्ह्यात ती रीत फार अलीकडेपर्यंत टिकली. पुणे-हैदराबाद महामार्ग, विजापूरकडे आणि धुळ्याकडे जाणारे रस्ते इथे मिळतात. चादरी-टॉवेलांचे गठ्ठे, मार्केट यार्डातला कांदा, सांगोल्याकडचं डाळिंब, हंगामात ऊस, होटगीकडचं सिमेंट. या मालाबरोबर ट्रकवर जाणारा किन्नर, म्हणजे क्लीनर, पहिली काही वर्षं स्टिअरिंगला हात लावत नसे. डावीकडच्या दारातून अर्धं अंग बाहेर काढून मागचं बघायचं, फळीवर थाप मारून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायचं, टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखायची, ताडपत्री आणि दोर आवळायचा, उताराला लागण्यापूर्वी ब्रेकची हवा बघायची. यातून त्याला गाडीची लांबी-रुंदी अंगात मुरायची, भरलेली गाडी किती अंतरात थांबते ते कळायचं, रात्री समोरून एकच दिवा येत असेल तर तो मोटारसायकलचा की एक दिवा गेलेल्या ट्रकचा, हा संशय घ्यायला तो शिकायचा. मग कधीतरी पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, उस्ताद त्याला सीटवर बसवायचा. लायसन्स यानंतरची गोष्ट. एसटीनंही स्वतःच्या पद्धतीनं हेच ओळखलं होतं. लायसन्स असलेल्या माणसाला महामंडळ लगेच गाडी देत नाही, आधी प्रशिक्षण देतं. आणि पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केलेल्या चालकाचा बिल्ला देऊन सत्कार होतो. चालवणं किती चांगलं, हे ठरवायचं माप या धंद्याच्या दृष्टीनं वर्षांचं होतं.

इथे कुणी म्हणेल, हे फार गोड चित्र झालं. खरंच आहे. किन्नरकीत अल्पवयीन पोरं राबत, झोपेविना रात्री काढत, मार खात. उस्तादाच्या वाईट सवयीही चांगल्या सवयींबरोबरच उचलत. खुणांच्या पाट्यांचा अर्थ, अंतराचा हिशेब, प्रथमोपचार, यांतलं काही कुणी सांगत नसे. जे सांगितलं जाई ते कुणी तपासत नसे. बाईला या शाळेत प्रवेशच नव्हता, आणि त्याचा परिणाम असा की एसटीची बस चालवणारी पहिली महिला महाराष्ट्राच्या रस्त्यावर यायला २०२३ साल लागलं. ती रीत परत आणावी असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा मर्यादित आहे : ती वाईट शाळा का असेना, शाळा होती, आणि १९३९ ची परीक्षा ती शाळा गृहीत धरून लिहिली गेली होती.

मग गाडी घरात आली. आधी स्कूटर, १९७२ पासून पुण्यात तयार होणारी लुना, मग मोटारसायकल, मग मारुती. चालवणारा आता शिक्षक होता, बँकेतला कारकून होता, यंत्रमागाच्या कारखान्याचा मालक होता, कॉलेजातली मुलगी होती. यांच्यापैकी कुणीच वर्षानुवर्षं कुणाच्या शेजारी बसून रस्ता बघितलेला नव्हता. त्यांना शिकवायला मोटार ड्रायव्हिंग स्कूल निघाली, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं कलम १२ मध्ये त्यांना परवान्याच्या चौकटीत आणलं. त्या चौकटीचा तपशील नियम २४ मध्ये आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. शाळेत फळा हवा, रस्त्याचा नकाशा आखलेला आणि सिग्नलचे नमुने असलेला बोर्ड हवा, वाहतूक चिन्हांचा तक्ता हवा. पुढे : गाडीच्या सगळ्या भागांचा तक्ता, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक शू आणि ड्रम, पंक्चरचा संच, टायर लिव्हर, चाकाचा पाना, जॅक, हवा मोजायचं गेज, पान्हे, कामाचं टेबल, प्रथमोपचाराची पेटी. शिकवणाऱ्याकडे पाच वर्षांचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र असलं पाहिजे, दहावी पास असला पाहिजे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अजून तोच जुना किन्नर होता. त्याची गॅरेजमधली तालीम त्यांनी चार भिंतींत आणली. अंगात मुरलेला रस्ता मात्र त्या यादीत मावणारा नव्हता. त्याच्या वाट्याला नियम ३१ मधले तास आले : खाजगी गाडीसाठी किमान २१ दिवस आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान १० तास, मालवाहू-प्रवासी वाहनासाठी ३० दिवस आणि १५ तास. किन्नरानं ज्या गोष्टीला वर्षं दिली, तिला आता दहा तास.

या दहा तासांत शिकवायचं काय, हा प्रश्न आला की उत्तर परीक्षाच ठरवते, आणि परीक्षा तोवर मैदानात गेलेली होती. ती तिथे गेली याची कारणं मला तरी साधी वाटतात. पहिलं, दुचाकी. आपल्या शहरांत लायसन्स मागणारे बहुसंख्य दुचाकीवाले. कारमध्ये निरीक्षक शेजारी बसून रस्त्यावर नेऊ शकतो. शिकाऊ माणसाच्या स्कूटरवर मागे बसून तो परीक्षा घेणार कशी? त्याला एका जागी उभं राहून बघता येईल अशी काहीतरी कसरत लागते, आणि आठचा आकडा ही तशी कसरत आहे : जागा थोडी, वेळ थोडा, निकाल उघड, पाय टेकला की नापास. एकदा ती वहिवाट पडल्यावर चारचाकीची चाचणीही त्याच मैदानात, त्याच रांगेत उरकली जाऊ लागली. दुसरं, शिबिरं. सोलापूर जिल्हा विस्तीर्ण आहे. अक्कलकोटच्या नाहीतर बार्शीच्या माणसाला दर कामाला विजापूर रस्त्यावरच्या कार्यालयात यायला लावणं जाचक, म्हणून परिवहन कार्यालयच ठरलेल्या दिवशी तालुक्याला जातं. (अकलूजला पुढे वेगळं कार्यालयच झालं, म्हणून तिकडच्या गाड्यांवर एमएच १३ ऐवजी एमएच ४५ दिसतं.) शिबिर ही लोकांच्या सोयीची गोष्ट आहे आणि ती बंद व्हावी असं कुणी म्हणणार नाही. पण एका दिवसात, एका आवारात, कागद तपासत रांग संपवायची तर चाचणी मिनिटांचीच होणार. कायद्यातल्या यादीतलं जे आवारात बसलं ते राहिलं. ओव्हरटेक, वळणावरची रहदारी, इतरांचं भान, हे बसलं नाही, कारण आवारात दुसरी गाडीच नसते.

आता भ्रष्टाचाराचं. दिल्लीत काही अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा दाखला जगभर दिला जातो. लायसन्स काढायला निघालेल्या ८२२ जणांचा त्यांनी मागोवा घेतला. काहींना लवकर लायसन्स काढल्यास बक्षीस देऊ केलं, काहींना फुकट ड्रायव्हिंगचे धडे दिले, काहींना नुसतं पाहिलं. लायसन्स मिळवलेल्यांपैकी जवळपास ७१ टक्के जणांनी चाचणी दिलीच नव्हती, आणि नंतर स्वतंत्रपणे परीक्षा घेतली तेव्हा ६२ टक्के जण चालवायला अपात्र ठरले. हे आकडे दिल्लीचे आहेत, सोलापूरचे नाहीत. पण एजंट ही संस्था काय काम करते, ते त्यांतून कळतं. लाच बंद झाली पाहिजे यावर दुमत नाही. मात्र समजा उद्या ती बंद झाली, प्रत्येक जण प्रामाणिकपणे आठ काढून पास झाला, तर सात रस्त्यावरचा चालक सुधारेल का? थोडा सुधारेल. निदान क्लच येत नसलेला माणूस लायसन्स घेऊन फिरणार नाही. पण शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलासमोर वेग कसा आवरावा, हे त्याला तेव्हाही कुणी विचारलेलं नसेल. स्वयंचलित ट्रॅकचा उपायही असाच अर्धा आहे. भोसरीला ज्या धर्तीचा संगणकीकृत ट्रॅक आहे तसा ट्रॅक माणसाचा वशिला काढून टाकतो, चाक रेषेला लागलं की नोंद करतो, आणि म्हणून तो हवाच. मोजतो मात्र तो १९३९ च्याच यादीतल्या गोष्टी, फक्त जास्त काटेकोर.

उलट बाजूनं असंही म्हटलं जातं की आठ काढणं हा निव्वळ पोरखेळ आहे, काढून टाका. हे मला पटत नाही. सोलापूरच्या जुन्या पेठांत, भाजीच्या गाड्यांमधून, पायी चालण्याच्या गतीनं दुचाकी तोलून नेणं हे खरं कौशल्य आहे आणि आठ ते तपासतो. चढावर गाडी मागे न सोडता उचलणं तर त्याहून मोलाचं. सोलापूर पठारावरचं सपाट शहर. शिकाऊ माणसाला चढ शोधायचा तर रेल्वेवरच्या पुलाखेरीज फारसा सापडत नाही, आणि मग तोच माणूस नवी गाडी घेऊन पहिल्याच आठवड्यात देवीला तुळजापूरचा घाट चढतो. मैदानाचा भाग राहावा. तो परीक्षेचा पहिला पेपर समजावा. आज तो एकमेव पेपर झाला आहे, तक्रार एवढीच.

न्यायालयांपुढेही हा प्रश्न वेगळ्या वाटेनं आला, आणि तिथे सोलापूरला आपला ओळखीचा ट्रॅक्टर भेटतो. ट्रॅक्टरचं लायसन्स असलेल्यानं ट्रॉली जोडली म्हणून त्याचं लायसन्स कुचकामी ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली नागशेट्टी खटल्यात सांगितलं. साडेसात हजार किलोपर्यंतचं प्रवासी किंवा मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, हा २०१७ च्या मुकुंद देवांगन निकालाचा अर्थ. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो कायम केला, आणि हलक्या वाहनाच्या लायसन्सवाल्यांमुळे अपघात वाढतात असं दाखवणारी ठोस आकडेवारी आपल्यापुढे आणली गेली नाही, हेही नोंदवलं. विम्याच्या भरपाईसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या कुटुंबांच्या दृष्टीनं हे निकाल न्यायाचेच आहेत. पण त्यांचा दुसरा अर्थ असा की लायसन्स देतानाची एकच चाचणी आता फार मोठा भार वाहते आहे. हंगामात दोन ट्रॉल्या ऊस भरून रात्री कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर या जिल्ह्यात कुणी पाहिला नाही? मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं बुजलेला, ओव्हरटेक करणाऱ्याला त्याच्या लांबीचा अंदाज नाही. या प्रसंगातल्या दोन्ही चालकांकडे पक्कं लायसन्स असू शकतं, दोघांनीही आपापली चाचणी नीट दिलेली असू शकते, आणि दोघांनाही या प्रसंगाबद्दल एक प्रश्नही कुणी विचारलेला नसतो.

ज्या देशाच्या चाचणीशी आपली इतकी जुळते, त्यानं तिची यादी दरम्यान बदलली आहे. इंग्लंडात २००२ साली धोका ओळखण्याची वेगळी चाचणी आली, ज्यात उमेदवाराला रस्त्याच्या चित्रफिती दाखवून विचारतात की गडबड कुठे होणार. २०१० पासून परीक्षक काही वेळ सूचना न देता उमेदवाराला स्वतःच्या निर्णयानं गाडी नेऊ देतो. आणि डिसेंबर २०१७ मध्ये कोपऱ्यावरून गाडी मागे घेणं आणि पुढे-मागे करून तोंड फिरवणं हे दोन प्रकार त्यांनी परीक्षेतून काढूनच टाकले. आपल्या नियम १५ मध्ये ते दोन्ही अजून आहेत. आपल्याकडे बदल झाले ते बहुतेक कागदाच्या बाजूला. शिकाऊ लायसन्सची परीक्षा संगणकावर गेली, पंधरातले नऊ प्रश्न बरोबर आले की झालं. २०२१ पासून ती आधारच्या साहाय्यानं घरबसल्या देता येते. त्याच वर्षी १ जुलैपासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना लागू झाली. हलक्या वाहनासाठी जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचं प्रशिक्षण, आणि तिथून उत्तीर्ण होणाऱ्याला परिवहन कार्यालयातल्या चाचणीतून सूट. २९ तास हे १० तासांपेक्षा नक्कीच बरे. तरी शिकवणारा आणि तपासणारा एकच झाला की काय होतं, हे आपल्या शिक्षणक्षेत्राला ठाऊक नाही असं नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे : एवढ्या उमेदवारांना रस्त्यावर नेऊन तपासायला माणसं आणणार कुठून? देशात २०२० साली नोंदलेली वाहनं साडेबत्तीस कोटींच्या घरात होती; निरीक्षक त्या प्रमाणात वाढलेले नाहीत. खरं आहे. पण २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, तो खर्चही कुणीतरी सोसतोच आहे. शिवाय सगळं एकदम करायची गरज नाही. चारचाकीच्या आणि व्यावसायिक वाहनाच्या उमेदवारांपासून सुरुवात करता येईल. त्यांच्या शेजारी बसायला जागा असते. दुचाकीवाल्यांसाठी इंग्लंडसारख्या चित्रफिती दाखवता येतील, आणि त्या इथल्या रस्त्यांच्या असाव्यात : गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी, पालखीमार्गावरचे वारकरी, उसाची दुसरी ट्रॉली. तिसऱ्यांदा नापास झालेल्यानं पुन्हा प्रशिक्षण घेतलंच पाहिजे, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलेलीच आहे. ती खरी ठरायची तर आधी नापास करता येईल अशी परीक्षा हवी.

शिकणाऱ्यानं तोवर थांबायचं कारण नाही. शिकाऊ लायसन्सवर किमान तीस दिवस गेल्याशिवाय चाचणी देता येत नाही, हा नियम अडथळा म्हणून न वापरता मुदत म्हणून वापरावा. पांढऱ्या पाटीवर दहा सेंटीमीटर उंचीचं लाल ‘एल’ लावून, लायसन्स असलेल्या माणसाला शेजारी बसवून, त्या तीस दिवसांत सात रस्ता संध्याकाळी सहा वाजता पार करावा, होटगी रस्त्यावर ट्रकच्या मागे राहायला शिकावं, पावसात आणि अंधारात एकदा तरी चालवावं. ड्रायव्हिंग स्कूलला पैसे भरताना नियम १५ ची यादी बरोबर न्यावी आणि यातलं काय काय शिकवणार, असं विचारावं. आणि सोलापूरच्या परिवहन कार्यालयानं, नवा ट्रॅक कधी होईल याची वाट न बघता, निदान चारचाकीच्या उमेदवाराला मैदानाच्या फाटकाबाहेर काढून पंधरा मिनिटं विजापूर रस्त्यावर न्यावं. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.